मलावीत ह्यांना ताप आला तेव्हा

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम शंभर-सव्वाशे दिवस आम्ही एका घरात राहिलो होतो. हे आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात साखर कारखान्यावर नोकरीला. मी मांडवगण फराट्याला शाळेत शिक्षिका आणि सासर खुटबावला. कुणी विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" की मी मलावी म्हणायची. त्यावर बहुतेक जण म्हणायचे, "म्हंजी दुबईकडं का?"

नणंदेच्या लग्नाला हे आले, तेव्हा मला उन्हाळ्याची सुट्टी होती. परत जाताना मलाही घेऊन गेले. भांडगावला हायवेपर्यंत सासरे सोडायला आले होते. गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाले, "जरा दोघं संगं ऱ्हावा. एकटंच पडलंय पोरगं तिकडं."

तिकडं पोचले तर दोन्ही अंगांना ऊसच. पाटाला पाणी, बांधावर बाया. मला हुश्श वाटलं. पण दुकानांच्या पाट्या वाचायला गेले तर अक्षरं इंग्रजीच आणि शब्द एकही ओळखीचा नाही. पहिलीतली पोरं फळ्याकडं कशी बघत असतील ते तिथं कळलं.

पाचव्या दिवशी हे पाळीवरून आले ते कुडकुडतच. म्हणाले, "काय न्हाई, ऊन लागलंय." दुपारपर्यंत बरळायला लागले. मी ह्यांचा मोबाईल घेतला, तर तो उघडायचा नंबर मला माहीत नव्हता. शेजारपाजारची नावंसुद्धा माहीत नव्हती. ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि परत आले, एवढंच मला जमलं.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या. त्यांना सगळे 'अमाई' म्हणत, तिकडच्या भाषेत आई. त्यांनी ह्यांच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडं बघितलं आणि पळत जाऊन कारखान्याची गाडी घेऊन आल्या.

दवाखान्यात नर्सनं बोटाला टोचून रक्त तपासलं. मलेरिया. तिनं इंग्रजीत विचारलं, आधी झाला होता का? कोणतं औषध सोसत नाही? मी चौथीला इंग्रजी शिकवते, प्रश्न मला नीट कळले. "आय डोन्ट नो," मी म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले.

मग तिनं तिकडच्या भाषेत अमाईंना विचारलं आणि त्या बोलायला लागल्या. तीन बोटं वर केली. कसल्या तरी गोळीचं नाव घेऊन मान हलवली आणि स्वतःचा हात खाजवून दाखवला. नर्स भराभरा लिहून घेत होती. मला तिनं इंग्रजीत सांगितलं, तीनदा झालाय, शेवटचा नोव्हेंबरात. म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराला. त्या दिवाळीत आठ दिवस ह्यांचा फोन नव्हता. "नेटवर्क न्हवतं," असं सांगितलं होतं, आणि मी पुढं चार दिवस रुसून बोलले नव्हते.

सलाईन चाललं होतं. मी बाकावर बसून त्यातले थेंब बघत होते. अमाईंनी माझ्या हातात केळं दिलं. ते सोलायचंही सुचेना.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी विचारलं, "का न्हाई सांगितलं?"

हे भिंतीकडं बघत म्हणाले, "सांगून तू काय केलं असतं? रडत बसली असतीस."

"बसले असते. पण मला म्हाईत तर असतं!"

"आईला ह्यातलं काय बोलू नको," एवढंच म्हणाले.

मला राग आला, पण भांडायला तोंड नव्हतं. खरंच, मांडवगणला बसून मी काय केलं असतं?

शाळा सुरू व्हायची म्हणून मी एकटी परत आले. सोडायला ह्यांना रजा मिळाली नाही. दौंडला स्टेशनवर सासरे घ्यायला आले होते. "कसा हाय?" त्यांनी विचारलं. "बरे हायेत," मी म्हणाले. थोडे वाळलेत, एवढं जोडलं, तर म्हणाले, "कामाचं मानूस वाळायचंच."

ह्यांचा कारखान्याशी करार अजून दोन वर्षांचा आहे. परवा फोनवर हे खोकले. मी विचारलं तर म्हणाले, धूळ हाय. असेल. अमाईंना फोनवर विचारावं, तर त्यांची भाषा मला येत नाही.