शेंदराखालचं लंडन

उकंडरावांचा ड्रम लंडनच्या म्युझियमनं मागवलाय, त्यांना विमानाचं तिकीटसुद्धा आलंय, ही बातमी आमच्या मलकापूरच्या गल्लीत सकाळी नळावर निघाली आणि दुपारच्या चहापर्यंत 'म्हाताऱ्याला तिथली थंडी सोसेल का' इथवर पोचली. बातमी खोटी. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिकिटाचा भाग मीच घातला होता. खरं एवढंच की बुलढाण्याच्या एका कॉलेजातले प्रसेनजित सर जुन्या वाद्यांचं प्रदर्शन भरवतायत, आणि त्यांना उकंडरावांचा ड्रमसेट हवाय.

उकंडराव माझे शेजारी, भिंतीला भिंत. वय सदुसष्ट. उभी हयात बँड पार्टीत ड्रम वाजवला. डीजे आल्यापासून वाजवणं बंद झालं, सांगणं तेवढं चालू राहिलं. सांगणं असं, की हा सेट त्यांच्या उस्तादांनी भुसावळच्या रेल्वे क्लबातून आणला. तिथं साहेब लोक मडमांना घेऊन नाचायचे. "लंडनचा माल हाय. एकोणीसशे अडतीस." हे नवरदेवाच्या बापाला आधी ऐकवल्याशिवाय ड्रमवर काठी पडायची नाही. मधला मोठा ड्रम हातगाडीवर चढवायला दोन माणसं लागायची. एवढा जड कसा, असं कुणी विचारलं की उत्तर तयार, "इलायती माल वजनदारच राह्यते."

सरांनी गोडीत सांगितलं, "काका, प्रत्येक वाद्यापुढं कार्ड लावायचंय. कुठं बनलं, कधी बनलं. तुमच्या ड्रमचा काही पुरावा मिळाला तर बघू. नाहीतर 'माहिती नाही' असं लिहावं लागेल."

चाळीस वर्षं ज्या माणसानं लग्नोलग्नी माहितीशिवाय दुसरं काही दिलं नाही, त्याच्या ड्रमपुढं 'माहिती नाही'! दोन दिवस उकंडराव ओट्यावर बसले नाहीत. ओटा रिकामा म्हणजे आमच्या गल्लीत कर्फ्यूच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सरांना फोन करून बोलावलं. म्हणे, पुरावा आहे. मोठ्या ड्रमच्या अंगावर पितळी पाटी आहे, तिच्यावर सगळं लिहिलंय. फक्त ती पाटी दिसत नव्हती. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईनं, दर खंडेनवमीला ड्रमची पूजा करताना तेल-शेंदूर त्या पाटीलाच लावलेला. चाळीस खंडेनवम्यांचा शेंदूर. पाटीच्या जागी आता तळहाताएवढा छोटा मारुतीच बसला होता.

सरांनी खिशातून चाकू काढला मात्र, रुक्मिणीबाई आडव्या आल्या.

"हात तं लावून पाहा! देव खरवडते काय कोनी?"

"काकू, ही पाटी आहे."

"तुमच्यासाठी पाटी असन."

उकंडराव बायकोकडं बघत मागं सरकले. घरात त्यांचा ताल हाच. शेवटी तोड मी काढली. म्हटलं, देव आपणहून शेंदराची खोळ सोडतो की नाही? मग सोडवून घेऊ. नारळ फोडला, माफी मागितली आणि माझ्या लेकीचं केस वाळवायचं मशीन लावलं. दहा मिनिटांत शेंदराची खोळ सैल झाली आणि आख्खी हातात आली. रुक्मिणीबाईनं ती पदरात घेतली. चेहरा मात्र त्यांचा खोळ निघताना उतरला होता. मला वाटलं, भक्ती असेल.

खाली पितळ चमकलं. मधोमध बारीक छिद्र, भोवती झिजलेली इंग्रजी अक्षरं. सरांनी चष्मा पुसून वाचलं, "लंडन."

साल काही नव्हतं, पण उकंडरावांना सालाशी काय करायचंय! त्यांनी मला तीनदा पाटीवर बोट ठेवायला लावलं. "पाह्यलं शालूबाई? गल्लीभर सांगा आता!" मी पदर खोचलाही होता.

"काका," सर हळूच म्हणाले, "पाटी लंडनचीच आहे. पण तिला ठोकलेले खिळे बघा. असे खिळे आपल्याकडं बैलगाडीला मारतात. जरा आतून बघू?"

ड्रमच्या तोंडावरचं पान काढलं, आत मोबाइलची बॅटरी मारली. बैलगाडीच्या चाकाला जोडतात तसे लाकडाचे गोलाकार तुकडे एकात एक बसवलेले. सरांनी नखानं खरवडून पाहिलं.

"बाभूळ आहे."

मला राहवलं नाही. "उकंडराव, लंडनात बाभळी लय असतीन नाई? बकऱ्या चारत असतीन राणीच्या."

सरांनी उजेड आणखी खाली नेला. लाकडावर सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : उत्तमराव मिस्त्री, सुलतानपूर.

रुक्मिणीबाई खाली बसल्या. "माहे बाबा," त्या म्हणाल्या. "सुलतानपूरच्या वरातीत याईचं लंडन टॅक्टरखाली गेलं. पाटी तेवढी वाचली. आठ दिवस आमच्या ओसरीत बसून रडत होते. बाबा गाडीची चाकं बनवत, त्याईनं चाकासारखाच ड्रम जोडला. तुकडे मी धरले होते. नवव्या दिवशी ड्रमबी तयार अन् सोयरीकबी. त्र्याऐंशी साल."

"अन् शेंदूर?" मी विचारलं.

"खिळे दिसू नाई म्हून. नवऱ्याचं लंडन मी कशी मोडू?"

आमच्या गल्लीत चाळीस वर्षं एक गोष्ट लपून राहिली, तीही माझ्या भिंतीपलीकडं! याचा धक्का मला ड्रमपेक्षा जास्त बसला.

रुक्मिणीबाईनं डोळे पुसले आणि आवाज बदलला. "पण आता खोळ निंगालीच हाय, तं कार्डावर माह्या बाबाचं नाव पायजे."

सर पेन उघडून थांबले. उकंडरावांनी ड्रमच्या बाभळीवरून एकदा हात फिरवला आणि घसा साफ केला, वरातीत करायचे तसा.

"लिव्हा. पाटी लंडनची. साल मालूम नाई. ड्रम सुलतानपूरचा, एकोणीसशे त्र्याऐंशी. बनवणार उत्तमराव मिस्त्री."

"मंग उकंडराव," मी म्हटलं, "इतके वर्सं गावाले लंडन काऊन सांगत राह्यले?"

ते म्हणाले, "शालूबाई, लंडनचा म्हटलं म्हून लोकाईनं वाजवणं आयकलं. सासऱ्यानं बनवून देल्ला म्हटलं असतं, तं तुमीच नळावर सांगतलं असतं, का उकंडरावनं हुंड्यात ड्रम घेतला."