दाजींच्या पोटातली छत्री

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतका ओशाळा माणूस उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही. येडशीच्या एसटीत कुणी त्यांच्या पायावर पाय दिला, तर हेच म्हणत, "चुकलं माजं, पाय मधी आला." दूध सोसायटीचे ते चेअरमन, पण म्हशीला इंजेक्शन देताना तिच्यापुढंही हात जोडायचे.

चाळीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात सोसायटीचा कडबा उतरवताना ते ट्रकवरून पडले आणि मांडी मोडली. खाटेवर पडून पडून पाय सुजून टम्म झाला, पण अक्काला त्रास नको म्हणून त्यांनी तो पांघरुणाखाली लपवला. एका सकाळी धापच लागली. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय, तिचा तुकडा फुप्फुसात गेलाय. रक्त पातळ करायचं औषध दिलं, तर पोटात रक्तस्राव सुरू झाला; औषध थांबवावं लागलं. मग मुंबईला नेलं. पुढचा तुकडा वर जाऊ नये म्हणून तिथं पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी बारीक जाळी बसवली.

बोलता येऊ लागल्यावर दाजींनी विचारलं, "साहेब, बाहेरदेशातनं आणली म्हणं. माजं भागलं की काढून दुसऱ्याला लावता यील का?"

डॉक्टर हसले नाहीत. "काढता येणारी जाळी अजून नीट जमलेली नाही. ही कायमची. गुठळी अडवेल, पण जाळीच तुंबली तर पाय सुजतील, कधी जागची सरकेलही."

दाजी भिंतीकडं तोंड करून रडले. "गावाला प्यायला पानी न्हाय, आन मी पोटात परदेशी छत्री घेऊन चाललो. लोकांना तोंड कसं दावू?"

जन्मात पहिल्यांदा अक्का त्यांच्यावर ओरडली, "तुमच्या लाजंपायी माजं कपाळ पांढरं झालं असतं, त्येचं काय?"

दाजी वाचले, पण पाय सुजकेच राहिले. लेकीच्या लग्नात पंगतीला मांडी घालता येईना. खुर्ची दिली, तर वडीलधारी खाली बसलेली; दाजी पत्रावळ हातात धरून दाराआड उभे. ते पाहून नवऱ्या मुलाचे ठणठणीत आजोबा एकदम गुडघा धरून म्हणाले, "आरं, मला बी खुर्ची द्या. लई दुखतंय." शेजारचाही लगेच कण्हला. बघता बघता निम्मी पंगत खुर्च्यांवर गेली आणि दाजी त्यांच्यात बसून पोटभर जेवले.

आता ते आजोबा नाहीत, दाजीही नाहीत. हल्ली सगळेच टेबलाखुर्चीवर जेवतात. कुणाचा पाय सुजलाय ते कळतसुद्धा नाही.