लाजाळूला खुराक कशाला?

प्राणिसंग्रहालयात आक्कांच्या ताब्यात एकच जीव होता. मुठीत मावेल एवढी मादी, कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेली. तिचं शास्त्रीय नाव घेताना जिभेला गाठ पडायची, म्हणून आक्का तिला लाजाळू म्हणत. बोट लावलं की अंग चोरून गोळा व्हायची ना! रंगाऱ्यानेही पिंजऱ्याच्या पाटीवर तेच नाव झोकात रंगवलं.

मग नवे साहेब आले. भारी हुशार माणूस. खुर्चीतून न उठता त्यांना सगळं दिसायचं. टेबलावरच्या खुराकाच्या यादीतली नावं वाचता वाचता ते ‘लाजाळू’पाशी थबकले. झुडपाला केळी, अळ्या, उकडलेली अंडी? अरे, काय चाललंय काय! खुराक तडकाफडकी बंद झाला, लाजाळू बागेकडे वर्ग झालं आणि पिंजऱ्याशी खताची गोणी येऊन पडली.

आक्का तणतणत साहेबांच्या खोलीत शिरल्या. “साहेब, ते झाड नाहीये हो, जनावर आहे!”

“हात लावला की मिटतं?”

“मिटते, पण...”

“दिवसा जागचं हलतं?”

“दिवसा झोपते ती.”

“म्हणजे नाही हलत. बाई, शाळेत आम्हीही गेलोय.”

“अहो, पिशवीत पिल्लू आहे तिच्या! उपाशी मारू का?”

“शेंग धरली असेल,” साहेब म्हणाले. “आणि तुम्ही उद्यापासून तिकीट खिडकीवर बसा. झुडपाला राखणदार लागत नाही.”

आक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडून पिल्लाच्या पोटात काय पडणार होतं? त्यांनी निमूटपणे बागेत बदली मागून घेतली. राखणदारणीची माळीण झाली. घरी जावेने यथेच्छ हसून घेतलं. बागेत आल्या आल्या आक्कांनी लाजाळूसाठी खास खत मागितलं: केळी, अळ्या, उकडलेली अंडी. साहेबांनी लगेच मंजूर केलं. खताला कोण नाही म्हणणार?

एके दिवशी साहेब खरंच खुर्चीतून उठले आणि पाहणीला आले. नेमकं तेव्हाच पिशवीतून इवलंसं डोकं बाहेर आलं, डोळे मिचकावत. साहेब बघतच राहिले. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. सोबत सगळा कर्मचारीवर्ग उभा होता.

“बघा,” साहेब खाकरून म्हणाले, “वेळेवर खत घातलं की कसा फुटवा येतो!”

आक्कांचा जीव पिल्लात अडकला होता. जगलं होतं बिचारं. त्यांचे डोळे भरून आले.

“हो साहेब,” त्या म्हणाल्या. “आता खत दुप्पट लागेल.”