स्वीडनची तीन फुटी रेल्वे आणि चँडलरची गर्दी

बाबा नागपूरहून अमेरिकेत, आमच्याकडे चँडलरला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत लोणचं कमी आणि स्वीडनच्या छोट्या रेल्वेचा इतिहास जास्त होता. नागपूरकडच्या अडीच फूट रुंद रुळांच्या रेल्वेवर ते स्टेशनमास्तर होते. ती लाइन बंद झाली आणि या माणसाने आपलं दुःख थेट परदेशी नेलं. स्वीडनमध्ये तीन फुटी रूळ का टाकले, त्यावरून लाकूड कसं वाहिलं, ट्रक आल्यावर ते कसे उखडले, सगळं तोंडपाठ. ऐकायला मात्र कुणी नाही. जावई मीटिंगमध्ये, नातू "लेटर, आजोबा" म्हणून पसार. "तीन महिन्यांत मला कुणी एक प्रश्न विचारला नाही," हे ते मला रोज ऐकवत.

मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. शेवटी मराठी मंडळाच्या ग्रुपवर मीच मेसेज टाकला: "रविवारी जेवणाआधी माझ्या बाबांचं स्वीडनवर व्याख्यान." रेल्वे लिहिलं असतं तर चिटपाखरूही फिरकलं नसतं.

हॉल गच्च भरला. ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकलेले झाडून सगळे इंजिनीअर, स्वीडनला स्थायिक व्हायची वाट कळेल म्हणून, वह्या घेऊन पुढे बसले. बाबा हरखले. रूळ, स्लीपर, वळणं, काही सोडलं नाही. आणि लोक चक्क लिहून घेत होते!

मग प्रश्न सुरू झाले.

"काका, फॅमिली सोबत नेता येते का?"

"का नाही? मागच्या डब्यात बसवा, धूर कमी लागतो."

"आणि लँग्वेज? शिकावीच लागते का?"

"गार्डाची शिट्टी कळली की पुरे."

तेही लिहून घेतलं गेलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागून एक जण उठला. आदल्या आठवड्यात त्याची नोकरी गेली होती. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर व्हिसा संपून घरी परत, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, गाडी नीट चालत होती ना? मग बंद का केली?"

बाबांनी चष्मा काढला. "स्वीडनचं सांगू शकतो. ट्रक स्वस्त पडले. आमच्या लाइनचं मला कुणी सांगितलंच नाही. एक दिवस नुसता कागद आला."

"मला ईमेल आला," तो म्हणाला आणि खाली बसला.