पावडरमामा आणि गाडीची खांदशेकणी

पावडरमामांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, चष्मा नसे; बाळाला लावायच्या पावडरचा डबा असे. रिठदचा हा माणूस माझ्या मायचा दूरचा भाऊ. उभा जन्म बसच्या वर्कशॉपात बसखाली आडवा होऊन काढलेला. निवृत्त झाल्यावर लोक त्यांना एकाच कामाला बोलवत: इंजिनातून तेल नेमके कुठून गळते ते शोधायला. डबा बघून बाया हसत. मामा म्हणत, "बाळ असो का इंजन, ओलं कुठून होते ते पाह्यल्याबिगर लंगोट बदलू नये."

त्यांची रीत ठरलेली होती. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन इंजिन घासायचे, कोरडे करायचे, वर पावडर भुरभुरायची, गाडी थोडी फिरवून आणायची. मग बॅटरी आणि हातआरसा घेऊन पाहायचे. पावडर जिथे भिजली, तिथे चोर. "तेल दिसते खाली, गळते वर," हे त्यांचे वाक्य. बाकीचे मिस्त्री थेंबापासून सुरुवात करून थेंबाशीच थांबतात. मामा बोटाबोटाने वर चढत. त्या वेळी कोणी बोललेले चालत नसे. मी गावोगाव सभा घेणारी; एकदा मध्येच तोंड उघडले, तर म्हणाले, "तुह्या सभेत मी बोलतो का?"

आम्ही केनवडचे, भाजीपाला करणारे. बैल विकून वडिलांनी जुनी व्हॅन घेतली. ती सकाळी मेथी-वांगी घेऊन मालेगावला जाई आणि माझ्या हट्टामुळे वेळप्रसंगी आजारी माणसे नेई. कारण बोलावलेली रुग्णवाहिका 'निघाली आहे' असेच कळे, येत मात्र नसे. मी पत्रक छापले होते: रुग्णवाहिका मिळेपर्यंत आमच्या व्हॅनला फोन करा. शेजारच्या शारदावहिनीला नववा लागला होता. तिला मी शब्द दिला होता.

त्याच आठवड्यात अंगणात व्हॅनखाली रुपयाएवढा काळा डाग दिसला. बाबा म्हणाले, जुने इंजिन आहे, त्याला घाम येतोच. पोळ्यासाठी आलेल्या मामांनी डागाला बोट लावून वास घेतला आणि पुढची सीट उचलली. त्या व्हॅनचे इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. खालच्या तापणाऱ्या पाइपावर जळकट थर चढलेला होता. मामांनी तो नखाने खरवडून पाहिला.

"हा घाम नाही," ते म्हणाले. "घाम पेटत नाही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी इंजिन घासले, पावडर मारली. बाबांनी चार-पाच किलोमीटर फिरवून आणल्यावर इंजिन तापलेले होते, म्हणून मामा सकाळी पाहू म्हणाले, आणि तोवर कोणी हात लावू नका असे बजावून गावात भेटीगाठीला गेले.

मायने ते ऐकले नव्हते. ती परसात होती. आणि तो दिवस खांदशेकणीचा होता. उद्या पुजायच्या बैलांचे खांदे त्या दिवशी शेकून चोळतात. आमचे बैल गेले, पण मायच्या लेखी दावणीला व्हॅन होती. तिने सीट उचलली, इंजिनावरची 'धूळ' फडक्याने लख्ख पुसली, पळसाच्या पानाने कोमट तेल आणि हळद चोळली आणि बैलांना म्हणतात तसे म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सकाळी मामांनी सीट उचलली. इंजिन पिवळे, चकचकीत. ते ओरडले नाहीत. "बाई," ते मायला म्हणाले, "तू खांदा शेकला. मी जखम पाहून राह्यलो होतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, पुन्हा धुवावे लागेल, पुन्हा पावडर, आणि गळती सापडून बुजेपर्यंत गाडी हलवायची नाही. दोन दिवस तरी. मी भडकले. 'थांबा, थांबा' म्हणणाऱ्यांनीच या जिल्ह्याला मागे ठेवले, हे मी त्यांना अंगणात उभे राहून सुनावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "भाषण चांगलं आहे," म्हणाले. "गाडी उभी ठेव."

दुपारी बैल तोरणाखाली जमत होते आणि शारदावहिनीला कळा सुरू झाल्या. फोन केला. 'निघाली आहे.' अर्धा तास गेला. दुसरी गाडी शोधू, असे मामा म्हणत होते. मी खुंटीची किल्ली काढली. मामांनी ती माझ्या हातातून घेतली. "नेतच असशीन तर मी चालवतो. इंजन माह्या बुडाखाली आहे, मले आधी समजंन."

मालेगावच्या रस्त्याला लागलो आणि आधी हळदीचा वास आला, फोडणीसारखा. वहिनीची सासू म्हणाली, कोनाच्या घरी भाजी होऊन राह्यली वं? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते सोयाबीन. घर कुठेच नव्हते. मामांनी काच खाली केली, वेग कमी केला. पुढचा वास फोडणीचा नव्हता.

गाडी कडेला लागली. "उतरा. धावू नका, उतरा."

वहिनीला आम्ही दोघींनी धरून लिंबाखाली नेले. मागे वळून पाहिले तर सीटच्या फटीतून धूर येत होता आणि मामा ओंजळींनी माती टाकत होते. मी हाका मारल्या. आग विझेपर्यंत ते हटले नाहीत. मागून आलेल्या टेम्पोने वहिनीला मालेगावला पोहोचवले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मामांचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते.

आठ दिवसांत मी नवे पत्रक लिहिले: 'रुग्णवाहिका वेळेवर आली असती तर.' मामांच्या हातांना पट्ट्या होत्या, म्हणून मीच वाचून दाखवले. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावले.

"सगळं खरं आहे," ते म्हणाले. "एक राह्यलं. गाडी उभी ठेवाले सांगतली होती, ते लिव."

मी म्हटले, ते लिहिले तर पत्रकातला दम जाईल, समोरचे तेवढेच धरून बसतील. त्यांनी मान हलवली. होकार होता की नाही, मी विचारले नाही. पत्रक गावोगाव वाटले गेले, लोकांना आवडले.

मामा गेल्या उन्हाळ्यात वारले. त्या दिवसानंतर त्यांच्या हातांना मूठ कधी आवळता आली नाही. पत्रकात जे छापले नाही ते इथे छापते आहे: त्यांनी गाडी उभी ठेवायला सांगितली होती. मी ठेवली नाही.