ठेंगूच्या हातात किती?

आत्या निवृत्त होऊन जमाना झाला, पण मोजणीसाहेबांचा विषय निघाला की अजूनही ती त्यांची नक्कल करत नाकातून सुरू होते, "तर मुद्दा असाऽ, यंत्राच्या हातात आहे किती?" आणि स्वतःच खुदकन हसते.

साहेबांच्या प्रयोगशाळेत मोजणीसाठी खोली मांडायचं काम तिचं. खोकी, स्टुलं सांगतील तिथं ठेवायची आणि मधोमध ठेंगूला सोडायचं. ठेंगू म्हणजे बादलीएवढं, चाकांवरचं यंत्र. त्यानं काही केलं की भोवताली काय काय बदलतं, आणि हमखास बदलतं का, यावरून त्याच्या हातात किती, याचा साहेब आकडा काढायचे. ठेंगू कोपऱ्यात अडकला की आकडा खाली, मोकळा फिरला की वर. वरून तंबी होती: आकडा वाढला नाही, तर ठेंगू मोडीत.

आणि एके दिवशी आकडा सरसरून चढला! साहेब नाचायचेच बाकी.

"आत्या, हा दार उघडतो! धडक दिली की उघडतंच!"

"उघडणारच. बाहेरून मी उघडते ना! बिचाऱ्यानं किती डोकं आपटायचं?"

साहेब मटकन खुर्चीत बसले. "अहो, मग दार तुमच्या हातात झालं, त्याच्या नाही!"

"माझ्या कुठलं? तो ठोकतो, मी पळते. आता कोण कुणाच्या हातात, ते तुम्हीच मोजा."

"तुम्ही असताना किती, ते मोजलंय की. तुम्ही नसताना किती, तेवढं राहिलंय."

आत्या जवळ सरकली. "आकडा जरा इकडेतिकडे नाही का करता येणार?"

"नाही हो, आत्या." या वेळी साहेब नाकातून बोलले नाहीत.

पुन्हा मोजणी लागली. आत्या काचेपलीकडे, हात मांडीखाली दाबून. ठेंगूनं दाराला धडक दिली. थांबला. पुन्हा दिली. आत्या अर्धी उठली नि बसली. तिसऱ्यांदा अगदी हळू धडक, आणि मग तो तिथंच, दाराकडे तोंड करून उभा राहिला. आकडा घसरत घसरत तळाला गेला.

साहेबांनी आकडा दाखवणारा पडदा बंद केला. चष्मा काढून उगाच पुसत बसले.

"झालं ना मोजून?" आत्यानं विचारलं. "मग आता उघडू?"

साहेबांनी मान डोलावली.

दार उघडलं. ठेंगू क्षणभर घुटमळला आणि सुटला तो थेट बाहेर, लांबच लांब बोळातून, भिंतींना टकरा देत, वळत, धावत. आत्या मागून हाका मारत होती, "अरे हळू, मेल्या, हळू!"