सुधाकरचा सरकता पाट

सुधाकर गांगुर्डे दहाही बोटांसह गेला, याला आज एक वर्ष झाले.

यात नवल ते काय, असे विचारणाऱ्यांनी त्याला टेबल सॉवर काम करताना पाहिलेले नाही.

त्याला कंपवात होता. डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सन्स.
सुधाकरच्या भाषेत ‘व्हायब्रेशन मोड’.

आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत. तिचे गोल पाते टेबलातून वर येऊन गरगरते आणि काष्ठ व अस्थी यांच्यात कोणताही पक्षपात करत नाही.

तो जाण्याआधीच्या एका श्रावणात त्याच्या पत्नी सुनंदावहिनींनी मला दूत म्हणून पाचारण केले.

“भाऊजी, ते यंत्र विकायला सांगा त्यांना. हातात कप ठरत नाही आणि म्हणतात, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेची टेबलं मीच करणार.”

“वहिनी, माझे आमच्या घरची मांजरही ऐकत नाही.”

“मांजराचं राहू द्या. यांची बोटं राहायला हवीत.”

या युक्तिवादाचे खंडन करण्याजोगे प्रमाण माझ्या संग्रही नव्हते. शेडमध्ये गेलो.

“पाठवलं ना तिने?”
“मी स्वयंप्रेरणेने आलो आहे.”
“चहा प्यायलास?”
“हो.”
“मग पाठवलंच.”

सुधाकरची उभी हयात अंबडच्या एका कारखान्यात जिग बनवण्यात गेली होती. जिग म्हणजे माणसाच्या हातावर विश्वास न ठेवता काम बिनचूक करवून घेणारा साचा. निवृत्तीनंतर हे शास्त्र त्याने स्वतःच्याच हातांवर चालवले.

त्याने प्लायवूडचा स्लेड केला होता. सरकता पाटच तो. खाली बाभळीच्या दोन पट्ट्या, टेबलाच्या खाचांत बसणाऱ्या. वर लाकूड क्लॅम्पने आवळलेले. धरायच्या मुठी दोन टोकांना, पात्यापासून दूर.

“हात कितीही नाचू दे, पंडित. पाट सरळच जाणार.”
“आणि मध्येच अडला तर?”
“गुडघ्याने बंद करायचं.” टेबलाखाली बटणावर त्याने एक रुंद फळी बसवली होती. “एक काप बघ. नाही पटला तर यंत्र विक. उचलायचं मात्र तू.”

पाते फिरू लागले. आवाजाने वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या.

पाट निघाला. हात थरथरत होते, पाट नाही. मी मनातल्या मनात प्रशस्तिपत्र रचू लागलो.

अर्ध्यावर पाट थांबला.

सुधाकरने जन्मभर जिग पोलादाचे केले. पोलादाला श्रावण कळत नाही.
बाभळीला कळतो. पट्टी दमट हवेने फुगून खाचेत रुतली होती.

जळक्या लाकडाचा वास आला. जोर लावावा, तर पट्टी अकस्मात सुटून सगळा माणूस पात्याकडे जाणार.

त्याने गुडघा उचलला. गुडघ्यालाही कंप होता. फळी चुकली.
पुन्हा चुकली.

मी त्याला धरायला पुढे झालो.

“हात लावू नको मला.” अगदी हळू म्हणाला.

मी दोन्ही हात मागे घेतले.

वहिनी भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी बोर्डवरचे बटण बंद केले.

वीज गेल्यावरही पाते काही काळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत सुधाकरने मुठी सोडल्या नाहीत, आणि वहिनींनी त्याच्या हातांवरची नजर.

मला वाटले, निकाल लागला. यंत्र गेले.

वहिनींनी पाट उचलला, पालथा केला, पट्टीवरून बोट फिरवले.

“फुगलीय. आपल्या कपाटाचा खण अडतो ना, तशी.”
“घासतो जरा,” सुधाकर खाली मान घालून म्हणाला.
“घासा. मी मेण आणते.”

त्या आत जाऊन वंदनेच्या मेणबत्त्यांतली एक घेऊन आल्या आणि पट्टीवर घासू लागल्या.

“तू तर विकणार होतीस, सुनंदा.”
“विकून घरी बसणार आहात का तुम्ही? दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये जाल. तिथे बटणाशी कोण उभं राहणार?”

दुसरा काप सरळ गेला. मी पाहिला, म्हणजे डोळे उघडे होते तेवढा.

त्यानंतर वहिनी बटणाशी असल्याशिवाय ते पाते एकदाही फिरले नाही. सुधाकरला नेले ते न्यूमोनियाने. करवत निर्दोष आहे.

अभ्यासिकेची दोन टेबले मात्र अर्धवट राहिली होती.

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, या जरा. बटणाशी माणूस हवाय.”

मुठींवर त्यांचे हात होते. मी बटणावर बोट ठेवून उभा होतो. शेवटचा काप संपेपर्यंत मला एकही विनोद सुचला नाही.

टेबले आज सकाळी विहारात पोचली. दोन मुली लगेच बसल्यासुद्धा.

सुधाकर, मित्रा, तुला सविनय, साश्रू अभिवादन.